मदत हवी आहे: ‘वाढवणे’ या एका शब्दासाठी इंग्रजीत नेमके कोणते क्रियापद वापरावे?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या अलीकडे आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. यंदा पडवी पुढे काढली आणि पाहुण्यांसाठी गडग्यावर इंग्रजी फलक लावावा, म्हणून शब्दकोश समोर ठेवून मी वाक्ये जुळवली. ‘मुक्काम वाढवायचा असल्यास आदल्या दिवशी कळवावे’ या वाक्यात मी ‘एनलार्ज’ लिहिले होते. एका पाहुण्यांनी हसू आवरत ‘एक्स्टेंड’ सुचवले. आता नवा शब्द रंगवला आहे. पण त्याच्याखालून जुना ‘एनलार्ज’ अजून डोकावतो.

आपण मराठीत खोली वाढवतो, भाडे वाढवतो, गाण्याचा आवाज वाढवतो आणि नव्या पडवीच्या उंबऱ्यावर नारळही वाढवतो. (नारळ इंग्रजीत फोडावाच लागणार, एवढे समजते.) शब्दकोशात मात्र इन्क्रीज, एनलार्ज, एक्स्पांड, रेज, मॅग्निफाय, ऑग्मेंट अशी रांग आहे आणि प्रत्येकासमोर अर्थ तोच. भाडे वाढवल्याचे कोणत्या शब्दाने सांगावे आणि पडवीचे कोणत्या, हे कृपया कोणी समजावून सांगाल का?

प्रतिसाद:

आपण काय वाढवतो आहोत, हे आधी पाहावे. भाडे किंवा पाहुण्यांची संख्या, म्हणजे मोजता येणारे प्रमाण असेल, तर ‘इन्क्रीज’ बिनधास्त वापरा. भाड्यासाठी ‘रेज’ही चालते, मात्र ‘राइज’ लिहू नका, कारण त्याचा अर्थ भाडे आपसूक वाढले असा होतो आणि वाढवणारे तर तुम्हीच आहात! ‘एक्स्टेंड’मध्ये एखादी गोष्ट पुढे ताणण्याची कल्पना आहे, म्हणून मुक्काम आणि पुढे काढलेली पडवी या दोन्हींना तो शब्द शोभतो. मधली भिंत पाडून खोली ऐसपैस केली असती, तर ‘एनलार्ज’ योग्य ठरले असते. फोटो मोठा करून घेतानाही तोच. ‘एक्स्पांड’ म्हणजे चहूकडे पसरणे, जसा तापलेला धातू किंवा एखादा धंदा. ‘मॅग्निफाय’ या सगळ्यांत वेगळे, कारण भिंगाखाली मुंगी मोठी दिसते, पण असते तेवढीच. आवाजासाठी सरळ ‘टर्न अप’ म्हणावे.

रस्त्याला ‘वाइडन’ म्हणतात, हे मुंबई-गोवा महामार्गामुळे आपल्याला वेगळे सांगायला नको. वाइड आणि डीप यांना शेवटी ‘एन’ लागतो. लॉन्गचे मात्र ‘लेंग्थन’ होते आणि लार्जला तो ‘एन’ चक्क पुढून चिकटतो.

‘ऑग्मेंट’ कागदोपत्री शब्द आहे, फलकावर जड वाटेल. गंमत म्हणजे लिलावाचा ‘ऑक्शन’ हा शब्दही वाढवणे या अर्थाच्या त्याच लॅटिन धातूपासून आला आहे. हर्णैला संध्याकाळी मासळीची बोली चढताना ऐकली, की त्याचे कारण लगेच पटते.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. ‘एक्स्टेंड’ ठेवतो आणि भाड्यासाठी ‘रेज’ लिहितो. एकच शंका उरली: ‘भात हवा तेवढा वाढला जाईल’ याचे काय करावे?

प्रतिसाद:

तिथे यांपैकी एकही क्रियापद नको. ‘सर्व्ह’ लिहा, नाहीतर पाहुणे भात फुगण्याची वाट पाहत बसतील.