केली गँग : स्वल्पविरामाविना कसे वाचावे

पीटर कॅरीच्या 'ट्रू हिस्ट्री ऑफ द केली गँग' या कादंबरीत स्वल्पविरामच नाहीत, म्हणून वीस पानांत पुस्तक मिटलं, अशी एका वाचकाची तक्रार आहे. ते न घालणं हा हट्ट नाही. कादंबरीचा नायक नेड केली हा ऑस्ट्रेलियातला खराखुरा दरोडेखोर. त्याने 1879 मध्ये टोळीतल्या जो बर्नला सांगून लिहवून घेतलेलं, आपली बाजू मांडणारं जेरिल्डरी पत्र असंच धापा टाकत पळतं. सुमारे 8,000 शब्दांचं आहे, आधी तेच वाचा. मग कादंबरीची पहिली दोन प्रकरणं मोठ्यानं वाचा. श्वास जिथे तुटतो तिथेच वाक्य तुटतं. भरभर नजर फिरवली की कर्ता हरवतो आणि सगळा गोंधळ होतो. शिव्यांच्या जागी 'अ‍ॅडजेक्टिव्हल' हा शब्द येतो, कारण हा नेड आपल्या मुलीसाठी लिहितोय. (फारच गोड युक्ती!) मात्र ती मुलगी आणि तिची आई मेरी हर्न कॅरीच्या कल्पनेतल्या. स्ट्रिंगीबार्क क्रीकवर मारले गेलेले तीन पोलीस, नांगराच्या फाळपत्र्यांची चिलखतं, ग्लेनरोवनची चकमक आणि 11 नोव्हेंबर 1880 ची मेलबर्नमधली फाशी मात्र खरी. 2001 चं बुकर याच पुस्तकाला मिळालं.

ऑस्ट्रेलियन कादंबरीकार पॅट्रिक व्हाइटचं 'व्हॉस' हे पुस्तक त्यानंतरच घ्या. ते जास्त जड आहे.