संध्याकाळच्या भुकेसाठी घरचे नूडल्स : पाकिटातल्या मसाल्याशिवाय काय करता येईल?

प्रश्न (धंतोली, नागपूर)

नमस्कार. माझी दोन्ही मुले शिकवणी आटोपून संध्याकाळी घरी येतात, तेव्हा त्यांना कडाडून भूक लागलेली असते आणि मागणी बहुतेक वेळा नूडल्सचीच असते. नूडल्सना माझा विरोध नाही. मात्र नेहमी तोच पाकिटातला मसाला पाण्यात उकळून देणे मला पटत नाही, कारण त्यात मीठ बरेच असते आणि भाजी किंवा डाळ पोटात जातच नाही. पंधरा-वीस मिनिटांत होईल, पोटाला आधार देईल आणि आपल्या घरात नेहमी असणाऱ्या जिनसांतून करता येईल असे काही सुचवावे. शिवाय, गाड्यावर हक्का नूडल्स मोकळे मिळतात आणि घरी त्यांचा गोळा होतो, हे कशामुळे? पाकिटाच्या तळाशी उरणाऱ्या चुऱ्याचाही काही उपयोग असल्यास जरूर सांगावा.

उत्तर (महाल)

आधी गोळ्याविषयी लिहितो, कारण ते जमले की बाकीचे पदार्थ सोपे होतात. नूडल्स उकळताना त्यांच्यातील पिष्ट पाण्यात उतरते. पाणी कमी असेल तर तेच घट्ट होऊन धाग्यांवर बसते आणि धागे चिकटतात. म्हणून १०० ग्रॅम नूडल्सना किमान १ लिटर खळखळते पाणी आणि चमचाभर मीठ घ्यावे. धागा तोडून पाहिल्यावर मधोमध बारीकसा पांढरा ठिपका दिसत असतानाच ते चाळणीत ओतावेत, थंड पाण्याखाली धुवावेत आणि पूर्ण निथळल्यावर चमचाभर तेल चोळून ताटात पसरून ठेवावेत. उकळत्या पाण्यात तेल घालण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ते वर तरंगते आणि पाण्याबरोबरच निघून जाते.

गाड्यावरचे नूडल्स बहुधा आधीच उकडून गार केलेले असतात. गार झाल्यावर पिष्ट पुन्हा घट्ट बसते, धागा ताठ होतो आणि परतताना तुटत नाही. त्यामुळे सकाळीच नूडल्स उकडून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवले, तर संध्याकाळी फक्त परतण्याचे काम उरते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र उकडलेले नूडल्स ओट्यावर तासभरही ठेवू नयेत. शिजवलेल्या भातासारखेच तेही उष्णतेत लवकर बिघडतात. परतताना कढई चांगली तापवावी आणि एका वेळी दोघांपुरतेच नूडल्स घ्यावेत, कारण घरच्या शेगडीची आच मोठ्या घाण्याला पुरत नाही आणि भाज्यांना पाणी सुटून सगळे गिळगिळीत होते. कोबी, गाजर आणि सिमला मिरचीबरोबर मूठभर मोड आलेली मटकी आधी वाफवून घातली, की डाळीचा प्रश्नही सुटतो.

उत्तर (इतवारी)

आपल्या शहराला शोभणारा प्रकार म्हणजे तर्री नूडल्स. पोह्यांवर आपण जी काळ्या हरभऱ्यांची तर्री घेतो, तीच येथे वापरायची आहे. हरभरे रात्री भिजवून सकाळी शिजवून ठेवावेत. कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून, त्यात आले, लसूण, धणे, खसखस, लवंग, काळी मिरी आणि थोडे दगडफूल घालून वाटण करावे आणि ते तेल सुटेपर्यंत परतावे. त्यानंतर तिखट, हरभरे आणि त्यांचे शिजवलेले पाणी घालून रस्सा उकळावा. हे वाटण फ्रिजमध्ये काही दिवस सहज टिकते, म्हणून संध्याकाळी वेळ लागतो तो केवळ रस्सा उकळण्याचा. खोलगट ताटलीत नूडल्स, त्यावर गरम रस्सा, वरून बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू, असे वाढावे. मुलांसाठी तिखट कमी करावे, पण लवंग आणि मिरी अगदी गाळू नयेत, कारण त्या रश्श्याची ओळख त्यांच्यातच आहे. एक आग्रहाची विनंती : या रश्श्यात पाकिटातला मसाला मिसळू नये. दोन्ही मसाले एकत्र आले की दोन्हींची चव जाते.

उत्तर (प्रतापनगर)

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी उन्हाळ्याचा आणि चुऱ्याचा विचार मांडते.

पीठ मळून, वळून, उन्हात वाळवून मग उकडून खाणे आपल्या विदर्भाला मुळीच नवे नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात शेवया होतात, सरगुंडे होतात, आणि उकडलेले सरगुंडे आमरसाबरोबर खाल्ले जातात. म्हणजे थंड आणि आंबटगोड चवीची सवय आपल्या जिभेला आहेच. त्याच वाटेने गार नूडल्स करून पाहावेत. भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट, चिंचेचा कोळ, थोडा गूळ, ठेचलेला लसूण, मीठ आणि तिखट पाण्यात कालवून पातळसर करावे, धुऊन निथळलेल्या नूडल्सना ते चोळावे आणि भरपूर काकडी, किसलेले गाजर, कोथिंबीर घालावी. बाहेर ४५ अंश तापमान असताना शेगडीजवळ उभे राहावे लागत नाही, हा मोठाच लाभ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री बाजारात असतात. तेव्हा चिंचेऐवजी संत्र्याचा रस आणि चिमूटभर किसलेली साल वापरावी. साल फक्त वरवरची नारिंगीच घ्यावी, खालचा पांढरा भाग कडू लागतो.

आता चुरा. झटपट नूडल्स १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी बाजारात आणले, आणि त्यांची युक्तीच अशी होती की नूडल्स आधी वाफवून मग तेलात तळून वाळवायचे. तळताना आतल्या पाण्याची वाफ होऊन धाग्यात बारीक छिद्रे पडतात, म्हणूनच ते गरम पाण्यात इतक्या लवकर मऊ होतात. याचा अर्थ असा की हा चुरा शिजलेलाच असतो. बटाट्याची टिक्की कॉर्नफ्लोअरच्या पातळ पेस्टमध्ये बुडवून या चुऱ्यात घोळवली आणि मध्यम आचेवर तळली, तर वरचा थर अतिशय कुरकुरीत होतो. कोरड्या तव्यावर चुरा किंचित शेकून चिवड्यासारखा कांदा, शेंगदाणे आणि लिंबाबरोबरही कालवता येतो. हक्का नूडल्सचा कच्चा चुरा मात्र असा वापरू नये. तो तळणीत कडकच राहतो आणि दाताला लागतो. तो डाळीच्या पाण्यात शिजवून, तूप-जिऱ्याची फोडणी देऊन सूप करावे.

प्रश्नकर्ती (धंतोली)

सर्वांचे मनापासून आभार. तर्री नूडल्स लगेच करणार आहे. फक्त एक शंका आहे : मुले वेगवेगळ्या वेळी येतात, तेव्हा दुसऱ्यासाठी ठेवलेले नूडल्स रश्श्यात फुगून जाणार नाहीत का? आणि उकडलेले थोडेसेच नूडल्स उरले, तर त्यांचे काय करावे?

उत्तर (इतवारी)

फुगतील, म्हणून रस्सा आणि नूडल्स कधीही एकत्र ठेवू नयेत. दुसरा मुलगा आला की त्याच्या वाट्याचे नूडल्स चाळणीत घेऊन त्यांवर उकळते पाणी ओतावे आणि रस्सा वेगळा गरम करून वर घालावा.

उत्तर (महाल)

उरलेल्या नूडल्सचे धिरडे उत्तम होते. बेसनाच्या पिठात ओवा, हळद, हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला पालक घालून ते भज्यांच्या पिठापेक्षा थोडे पातळ भिजवावे, नूडल्स कात्रीने कापून त्यात मिसळावेत आणि तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजावे. झाकण न ठेवल्यास कडा करपतात आणि मधले बेसन कच्चे राहते. अंडी चालत असतील तर बेसनाऐवजी दोन अंडी फेटून घ्यावीत. तेव्हा पालक आधी परतून त्याचे पाणी आटवावे लागते. हे धिरडे गार झाल्यावरही चांगले लागते, त्यामुळे दुसऱ्या मुलासाठी ते वेगळे गरम करण्याचीही गरज पडणार नाही.