मदत हवी आहे: आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, हॉस्पिटलकडून काय मागायचं?

धाकट्या बहिणीबद्दल लिहिते आहे. पहिलंच बाळंतपण, ३१ आठवडे झाले होते. तपासणीला गेली तर ठोकेच लागले नाहीत. कळा आणून मोकळी केली. मुलगी होती. आज सोळा दिवस झाले.

तालुक्याच्या गावचं खाजगी हॉस्पिटल. उपचारांबद्दल तक्रार नाही, डॉक्टरबाई रात्रभर तिच्यापाशी होत्या. पण नंतरचं आठवलं की जीव तुटतो. तिला बाळंतिणींच्याच खोलीत ठेवलं, शेजारच्या खाटेवर दोन दिवसांचं बाळ रडायचं. मुलीला बघायचंय का, हे तिला कुणी विचारलं नाही. "आम्ही करतो सगळं, तुम्ही बघू नका," म्हणत सिस्टरनी तिच्या नवऱ्याची एका कागदावर सही घेतली. त्या वेळी तो काय वाचणार? घरी आल्यावर तिला दूध आलं, छाती दगडासारखी झाली. दूध येईल हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

आता रोज विचारते, "ताई, तिला कुठे ठेवलं गं?"

डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'आययूएफडी' लिहिलंय. ती पुण्यात खाजगी कंपनीत आहे, एचआर म्हणतात गर्भपाताची सहा आठवडे रजा मिळेल. नवरा म्हणतो, जिवंत जन्मलीच नाही तर नोंद कसली. हे का झालं, वार तपासायला पाठवली का, काहीच माहीत नाही. आम्हाला भांडायचं नाहीये. काय मागायचा हक्क आहे आणि कसं मागायचं, एवढं सांगा.

प्रतिसाद

ताई, मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीचं काम केलंय. आधी नोंदीचंच सांगतो, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. २८ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ मृत जन्मलं तर त्याची 'उपजत मृत्यू' म्हणून नोंद होते. १९६९ च्या नोंदणी कायद्यात 'जन्म' या शब्दातच ते धरलेलं आहे. नमुना वेगळा असतो, क्रमांक ३. हॉस्पिटलमध्ये झालं असेल तर कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची, आईवडिलांची नाही. मुदत २१ दिवस. उद्याच जाऊन विचारा.

रजेबाबत एचआर चुकतायत. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपात म्हणजे २६ व्या आठवड्यापर्यंतचा, त्याला सहा आठवडे. पुढचं सगळं बाळंतपण, आणि कायद्यातल्या 'अपत्य' शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर २६ आठवड्यांची भरपगारी रजा तिच्या हक्काची आहे. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यावर आठवडे आणि 'प्रसूती, मृत जन्म' असं स्वच्छ लिहून घ्या. 'आययूएफडी' म्हणजे बाळ पोटात गेलं एवढंच. ते वाचून ऑफिस हवा तो अर्थ काढतं.

प्रतिसाद

मी यातून गेले आहे, म्हणून राहवलं नाही. संपूर्ण केसपेपरची प्रत लेखी अर्ज देऊन मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यायला हवी. सही केलेला कागद त्यातच असेल. वार किंवा बाळ तपासलं असेल तर तो रिपोर्टही मागा. तपासलं नसेल तरी बहिणीच्या रक्ताच्या तपासण्या राहिल्यात: साखर, थायरॉईड, एपीएलए (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीजची तपासणी).

बाळाचं काय केलं, याला "विल्हेवाट लावली" हे उत्तर घेऊ नका. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पिवळ्या पिशवीत जातो तो जगण्याइतकी वाढ न झालेला गर्भ. ३१ आठवड्यांचं बाळ त्यात बसत नाही. कुणाच्या ताब्यात दिलं, कुठे पुरलं, कोणत्या तारखेला, हे विचारा. आम्ही विचारलं तेव्हा तिथल्या वॉर्डबॉय मामांनी मला जागा दाखवली. मी बराच वेळ तिथे बसून होते.

आणि बहिणीचा रक्तगट निगेटिव्ह आहे का? मग अँटी-डी इंजेक्शन दिलं का ते कार्डावर बघा, ते ७२ तासांत द्यायचं असतं. दूध पिळून काढत राहू नका, जास्त येतं. ताप किंवा लाली असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे, ताप नाही.

आज जाऊन आले. नोंद पाठवलेलीच नव्हती. माझ्यासमोर नमुना भरला. दाखला डॉक्टरबाईंनी लगेच नव्याने लिहून दिला, हवे ते शब्द घालून. फाइलच्या अर्जाची पोच मिळाली. सहीचा कागद मात्र अजून सापडला नाही. ज्या मामांनी बाळ नेलं ते सुट्टीवर आहेत, शुक्रवारी या म्हणाले.

बहीण म्हणते, मीही येणार. सव्वा महिना झाला नाही म्हणून आई नको म्हणते आहे. कुणी अशा वेळी बाईला तिथे नेलंय का? तिला नेऊ का मी?