डिस्कव्हरी तुमच्याकडे खरंच होते का, की आधीच ठरलेल्यावर शिक्का मारायला?

रिकामा_बॅकलॉग

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, वैताग आलाय म्हणून. मी आधी डेव्हलपर होतो, पीएम (प्रॉडक्ट मॅनेजर) होऊन वर्ष झालं. आमचं प्रॉडक्ट म्हणजे ऑफिसच्या खर्चाची बिलं टाकायचं ॲप, कर्मचारी बिल टाकतो, मॅनेजर मंजूर करतो, अकाउंट्सवाले पैसे देतात, बास. मागच्या तिमाहीत वरून फर्मान आलं की आता आपण पण नीट डिस्कव्हरी करायची, म्हणजे काही बनवायच्या आधी लोकांना खरंच काय हवंय ते शोधायचं. मग सहा आठवडे राखून ठेवले. सर्व्हे पाठवला, ११ इंटरव्ह्यू घेतले, पर्सोना (नमुना युजरची काल्पनिक वर्णनं) बनवले, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, शेवटी ४० स्लाइड्सचं प्रेझेंटेशन. सगळ्यांनी छान छान म्हटलं. आणि पुढच्या सोमवारी रोडमॅप (पुढे काय काय बनवायचं त्याची यादी) आला तो सहा आठवड्यांपूर्वी होता तोच! पहिल्या नंबरला "बिलाचा फोटो काढा, माहिती आपोआप भरली जाईल". सेल्सनी ते दोन क्लायंटना आधीच कबूल करून ठेवलेलं. म्हणजे आमचं सगळं वरातीमागून घोडं.

बरं मला विरोध पण करता येईना, कारण सर्व्हेत "असं फीचर आलं तर वापराल का" ला बहुतेकांनी हो म्हटलेलं. पण इंटरव्ह्यू घेताना सारखं आतून वाटत होतं की हे लोक माझं मन राखायला हो म्हणतायत.

तर तुमच्याकडे रोजच्या कामात हे कसं चालतं? किती लोकांशी बोलता, कोण बोलतं, डेव्हलपर असतात का, आणि सगळं आधीच ठरलेलं असेल तर काय करता? फ्रेमवर्कची नावं नकोत प्लीज, डबल डायमंडचं (डिझाइनच्या टप्प्यांचं ते) चित्र मी आता झोपेत काढून दाखवीन.

---

जुनी_खोड

तुमचं आतलं वाटणं बरोबर आहे. "वापराल का" हा प्रश्न विचारूच नये. पुढचं विचारलं की माणूस उद्यापासून रोज पळायला जाणार म्हणतो तसं उत्तर देतो, खोटं बोलत नसतो बिचारा, त्याला खरंच तसं वाटत असतं. विचारायचं ते मागचं. "शेवटचं बिल कधी टाकलंत? आठवतंय का? मला स्क्रीनवर करून दाखवता का?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला दोन वर्षं लागली. तो चुकीच्या बटणाकडे जातोय हे दिसत असतं आणि जीभ शिवशिवते, तरी नाही बोलायचं.

आमच्याकडे डिस्कव्हरी अशी वेगळी फेज नाहीच. दर मंगळवारी आणि गुरुवारी अर्ध्या तासाचा एकेक कॉल, कॅलेंडरवर कायमचा, युजर मिळाला नाही तर त्या वेळात मागचं रेकॉर्डिंग बघायचं. डिस्कव्हरीवर पुस्तक लिहिणाऱ्या टेरेसा टॉरेसचा आग्रह हाच आहे की जी टीम बनवते तिनंच आठवड्यातून निदान एकदा ग्राहकाशी बोलावं, रिसर्चवाल्यांचा रिपोर्ट वाचून नाही. (फ्रेमवर्क नको म्हणालात म्हणून तिच्या झाडासारख्या आकृतीबद्दल एकच वाक्य: वर आपल्याला हलवायचा आकडा, त्याखाली लोकांच्या अडचणी, त्याखाली उपाय. साहेब एखादा उपाय घेऊन आले की मी विचारते, हा कुठल्या अडचणीला लटकवू? अर्ध्या वेळा फांदीच सापडत नाही.)

खरी मेख युजर मिळवण्यात आहे, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. दर वेळी मेल पाठवून, वेळ ठरवून, सेल्सची परवानगी घेऊन करायला गेलात तर तिसऱ्या आठवड्यात बंद पडेल. आम्ही ॲपमधेच छोटा मेसेज ठेवलाय, युजरचं काम झालं की (तुमच्याकडे बिल टाकून झालं की) "२० मिनिटं बोलाल का", दाबलं की थेट वेळ बुक होते. म्हणजे मी सकाळी उठते तेव्हा आजचा माणूस ठरलेला असतो.

---

नवशिका_०७

पण पाच युजर पुरतात ना? वेबसाइट वापरायला किती सोप्या यावर लिहिणाऱ्या जेकब नील्सनचं आहे ते. मग ११ म्हणजे दुप्पट झाले की.

---

आकडेमोड

@नवशिका_०७ ते दर वेळी चुकीच्या ठिकाणी वापरलं जातं. नील्सननी २००० साली जे लिहिलं ते युजेबिलिटी टेस्टबद्दल, म्हणजे स्क्रीन समोर आहे आणि लोक कुठे अडखळतात ते बघायचंय. एका युजरमागे साधारण ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं तर पाचात जवळपास ८५ टक्के सापडतात, इतकाच हिशोब. लोकांना ही वस्तू हवीये का, याचं उत्तर त्या पाचात नाही. तिथे पाच एकसारखे युजर घेतले तर एकाचंच मत पाचदा ऐकाल. पन्नास जणांच्या कंपनीतला अकाउंटंट आणि पाच हजारांच्या कंपनीतला, दोघांचं दुखणं वेगळं.

आणि मूळ प्रश्नकर्त्याला, "हो" मोजू नका, समोरच्याचं काय गेलं ते मोजा. वेळ, ईमेल, पैसे, बॉसकडे शब्द टाकणं, काहीतरी जायला हवं. ड्रॉपबॉक्सनी २००८ मधे सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी नुसता डेमोचा व्हिडिओ टाकला आणि बीटाची (चाचणी आवृत्तीसाठी थांबलेल्यांची) यादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. ते पण विकत घेणं नव्हतंच, पण निदान प्रत्येकानं स्वतःहून नाव तरी नोंदवलं, सर्व्हेतल्या टिकमार्कपेक्षा बरंच.

अजून एक, हे वरच्यांना दाखवायला उपयोगी पडतं. मायक्रोसॉफ्टमधे रॉन कोहावी आणि मंडळींनी प्रयोग मोजून लिहिलंय की ज्या आयडिया एखादा आकडा सुधारायला म्हणून बनवल्या त्यातल्या साधारण एक तृतीयांशच आयडियांनी तो खरोखर सुधारला. बाकीच्यांनी काही फरक पाडला नाही किंवा उलट बिघडवलं. आणि या सगळ्या हुशार लोकांनी विचार करून निवडलेल्या आयडिया होत्या बरं का. मी आमच्या व्हीपींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले "आपल्या आयडिया त्या एक तृतीयांशातल्या आहेत" 🙂

---

कंसातला_कोडर

डेव्हलपर असतात का म्हणून विचारलंत. असायलाच हवेत, आणि शेवटी एस्टिमेट द्यायला नाही, पहिल्या कॉलपासून. आमचा किस्सा सांगतो. पीएम आणि डिझायनरनी तीन आठवडे प्रोटोटाइप (कच्चा नमुना) घेऊन लोकांना दाखवला, लोक खूश, टीम खूश, मग आमच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी कळलं की ज्या डेटावर ते सगळं उभं होतं तो आमच्याकडे दिवसातून एकदाच रात्री येतो, आणि स्क्रीनवर तर "आत्ता" लिहिलेलं. मी तिथे असतो तर पहिल्या पाच मिनिटात बोललो असतो. वर लीगलनी सांगितलं की तो डेटा या कामासाठी वापरायला ग्राहकानी परवानगीच दिलेली नाहीये. तीन आठवडे पाण्यात.

प्रॉडक्ट मॅनेजमेंटवर पुस्तकं लिहिणारा मार्टी केगन चार धोके सांगतो, लोक घेतील का, त्यांना वापरता येईल का, आपल्याला बनवता येईल का, आणि धंद्याला झेपेल का. बहुतेक टीम पहिल्या दोनातच रमतात कारण त्यात गप्पा मारायला मजा येते. आम्ही आता सुरुवातीलाच विचारतो की यातलं कुठलं खोटं निघालं तर सगळं कोसळेल, तेच पहिलं तपासायचं, स्वस्तात.

तुमच्या फोटोवाल्या फीचरचं तर काहीच बनवू नका अजून. दहा लोकांना द्या, फोटो आला की मागे एक माणूस बसून रकाने भरेल, हातानी. ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसची सुरुवात अशीच झाली की, १९९९ मधे दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, ऑर्डर आली की त्या दुकानातून विकत घेऊन पाठवले, गोदाम वगैरे सगळं नंतर. फक्त बिलांवर लोकांची खाजगी माहिती असते, कधी दवाखान्याचं बिल पण असतं, त्यामुळे फोटो माणूस बघणार आहे हे स्पष्ट सांगून परवानगी घ्या. "मशीन वाचतंय" असं भासवून चोरून नको.

---

तिकीट_नंबर_४०४

मी सपोर्टला आहे. सहा आठवड्यात तुम्ही सपोर्टच्या एका तरी माणसाशी बोललात का? तुमच्या पोस्टमधे सर्व्हे आहे, भिंत आहे, चिठ्ठ्या आहेत, आम्ही नाही. रागावून नाही लिहीत, सगळीकडे असंच असतं.

मागच्या तीन महिन्यांची तिकिटं काढा आणि त्यातली "युजरची चूक" म्हणून बंद केलेली वाचा. फीचर मागणारी नकोत, ती सेल्सकडे पण असतात. एकच चूक चाळीस जण करत असतील तर ती त्यांची चूक नसते हे आम्हाला माहीत असतं, पण त्या फॉर्ममधे दुसरा पर्यायच नाही, मग काय निवडणार.

---

ठरलंय_ते_करू

थोडं उलट बोलतो. सेल्सनी करारात लिहून दिलं असेल तर ते करावंच लागणार, तिथे डिस्कव्हरीचं नाटक करू नका. खोट्या चौकशीनं युजर पण वैतागतात आणि टीमचा पण विश्वास उडतो, पुढच्या वेळी खरी करायची म्हटलं तरी कोणी मनावर घेत नाही. सरळ सांगा की "हे करायचं" हे ठरलंय. पण त्याच्या आत शंभर गोष्टी ठरायच्या बाकी असतात, कुठल्या बिलांपासून सुरुवात, चुकीचं वाचलं तर काय, आधी कोणाला. तिथे करा ना डिस्कव्हरी.

आणि जे अजून ठरलेलं नाही त्यासाठी एकच सवय लावा. कॉल सुरू व्हायच्या आधी, आधीच, लिहून ठेवायचं की काय दिसलं तर आपण हे करणार नाही. सगळ्यांच्या समोर, साहेबांच्या पण. हे वाक्य कोणालाच लिहिता येत नसेल तर समजा निर्णय झालेला आहे, तो कोणी केला ते शोधा आणि स्वतःचे सहा आठवडे वाचवा.

---

रिकामा_बॅकलॉग

तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार. तिकीटताई, तुमचं मनाला लागलं, खरंच नव्हतो बोललो 🙏

काय केलं ते सांगतो. आधी तिकिटं वाचली. "युजरची चूक" मधे "फाइल अपलोड होत नाही" चा ढीग. मग आमच्या एका डेव्हलपरला घेऊन तीन कॉल केले, एकच विनंती, शेवटचं बिल कसं टाकलं ते दाखवा. पहिले दोन ठीक. तिसऱ्या बाईंनी जे केलं ते असं: फोनमधे बिलाचा फोटो उघडला, तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला, मग लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडून तोच फोटो उतरवून घेतला, फाइलला नवं नाव दिलं, आणि मग लॅपटॉपवरून आमच्या साइटवर टाकला. मी विचारलं (गप्प बसून झाल्यावर, जुनी_खोड!) की फोनवरून थेट का नाही. त्या म्हणाल्या "फोनवरून टाकलं की गोल गोल फिरत राहतं, असं पाठवलं की जातं, ऑफिसात सगळे असंच करतात, मला पण कोणीतरी शिकवलं". त्यांना ही अडचण वाटतच नव्हती, बिल टाकायची पद्धतच ती. सर्व्हेत त्यांनी हे कधीच लिहिलं नसतं.

डेव्हलपर माझ्याकडे बघायला लागला. आमची मर्यादा २ एमबीची, कोणीतरी फार पूर्वी टाकलेली, आणि आताच्या फोनचा फोटो सहज तिच्या वर जातो. फाइल मोठी असली तर एरर पण दाखवत नव्हतो, नुसतं चक्र फिरत होतं. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं म्हणून तो जात होता. कॉल संपायच्या आधीच पठ्ठ्यानी कोडमधल्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट मला पाठवला, दोन दिवसात फोनवरच फोटो लहान करायचं काम करून टाकलं. मी हेच लिहून मागितलं असतं तर बॅकलॉगमधे (करायच्या कामांच्या यादीत) सहा महिने पडलं असतं.

फोटोतून माहिती भरायचं फीचर रोडमॅपवर आहेच अजून, सेल्सचा शब्द गेलाय. पण एका गोष्टीवर सगळे तयार झाले, आधी हातानी भरून बघायचं, परवानगी घेऊन, त्या दोन क्लायंटपैकी एकाकडे. आणि ते "काय दिसलं तर करणार नाही" वालं वाक्य लिहायला बसलो तर मीटिंगमधे दहा मिनिटं शांतता 😅 शेवटी लिहिलं की निम्म्यापेक्षा जास्त बिलात लोकांना भरलेली माहिती परत दुरुस्त करावी लागली तर थांबायचं. निम्म्याचा आकडा हवेतूनच आलाय, माहितीये.

आता नवीन कटकट. सेल्स हेडना पण कॉलवर यायचंय. चांगलंच आहे, पण ते मागच्या कॉलला मधेच "हे आम्ही लवकरच आणतोय" म्हणून मोकळे झाले. त्यांना गप्प कसं ठेवायचं?

---

जुनी_खोड

नोट्स घ्यायला बसवा. युजर बोलेल ते शब्दन् शब्द, आपल्या भाषेत नाही, त्याच्याच शब्दात, आणि संपल्यावर त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवायचं. हात चालू राहिला की तोंड बंद राहतं, मी एका सीईओवर करून पाहिलंय.