जुनी फोर बाय फोर खोलताना झालेले घोळ : तुमचेही लिहा

आपल्यातले बरेच जण सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी जुन्या जीपखाली उताणे पडलेले असतात, हे आता लपून राहिलेलं नाही. तर लिहा, गाडीने तुम्हाला कुठे फसवलं? रंगवून चकचकीत झालेल्या गाडीचं कौतुक नंतर करू. आधी घोळ.

सुरुवात माझ्यापासून. युद्धकाळातली जीप, विलीस एमबी. उजवीकडची चाकं पटापट निघाली. डावीकडचा पहिलाच नट हलेना. गंजलाय म्हणून ऑइल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पान्याला पाइप अडकवून त्यावर चक्क उभा राहिलो. कडाड! स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटून हातात. मग शेजारच्या स्टडचं टोक चिंधीने पुसलं, तर त्यावर बारीकसा ‘एल’. या गाडीला डाव्या बाजूला उलटे आटे असतात. म्हणजे आदल्या दिवसापासून मी तो नट इमानेइतबारे आवळत होतो.

*

उलटे आटे मीही भोगलेत, पण माझी खरी जिरवली ती जुन्या गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीने. तेवढ्याच ताकदीला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून केबलही तशीच जाड हवी. मी बारा व्होल्टवाल्या गाडीची केबल बसवून मोकळा झालो. सेल्फ नुसता कण्हायचा. दोनदा खोलला, ब्रश बदलले, बुश बदलले. शेवटी सेल मारताना सहज केबलला हात लागला, तर चटकाच बसला. वर मी चासीला हौसेने रंगाचे दोन हात दिलेले, अर्थिंगच्या जागेवरसुद्धा! तिथला रंग खरवडला, केबल बदलली, आणि गाडी अर्ध्या सेलमध्ये सुरू.

*

माझी लँड रोव्हर, सीरिज वन. १९४८ साली ही गाडी आली तेव्हा पोलादाची टंचाई होती, म्हणून अंग अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचं. मी खूश, गंजाची कटकट नाही! आधी बॉडी रंगवून घेतली. पण चासी पोलादीच की. हातोडीने ठोकत गेलो; टण, टण, टण, आणि मागच्या आडव्या पट्टीवर ‘बद्द’. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला. रंगवलेली बॉडी पुन्हा उचलली, अर्थात ओरखड्यांसकट. नवी गाडी बघायला जाताना हातोडी बरोबर न्या, मालकाचं तोंड वाकडं झालं तरी चालेल.

*

मी आणि बाबा मिळून करतो. पुढच्या अ‍ॅक्सलचे किंगपिन, म्हणजे ज्यांच्यावर पुढची चाकं डावी-उजवीकडे वळतात त्या खिळ्या, मी उघडले. त्याखालच्या पातळ चकत्या वॉशर समजून डब्यात टाकल्या, त्याही वरच्या-खालच्या सगळ्या एकत्र. बाबा डबा हलवत म्हणाले, “अगं, या शिम आहेत, फट नेमकी जुळवायच्या चकत्या. कुठे किती होत्या, मोजल्यास का?” कुठल्या मोजायला! अंदाजाने बसवल्या. थोडा वेग घेतला आणि खड्ड्यावरून गेलो की स्टिअरिंग असं थडथडायचं की दात वाजायचे. मग सगळं परत खोललं. वजनाचा स्प्रिंगकाटा नकलला (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या सांध्याला) अडकवून ओढायचा, किती ओढीला ते वळतं ते बघायचं, एक शिम काढायची, पुन्हा ओढायचं. दोन रविवार गेले. आता वरची पुडी वेगळी, खालची वेगळी, आणि चिठ्ठी पुडीच्या आत. बाहेर पेनने लिहिलेलं डिझेलच्या हाताने पुसतं.

*

माझं थोडक्यात. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देऊन, चाचणी घेतली. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाड्यांना तो फरक सोसायला मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो. सगळा ताण आत साठला नि फोर व्हीलचा लिव्हर जाम. ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी) उतरवायची तयारी झाली होती. एका काकांनी गाडी थोडी रिव्हर्स घ्यायला लावली. लिव्हर लोण्यासारखा सुटला. काका काही बोलले नाहीत, नुसते हसले.

*

दादा, त्या तुटलेल्या स्टडचं पुढे काय झालं?

*

हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) उतरवून जुना काढला. नवा मागवला, बसवला, चाक चढवलं. चार नट गेले, पाचवा काही केल्या आटा धरेना. मागवताना ‘डावा’ म्हणायचं राहिलं होतं.