सतत फिरती असते, लॅपटॉपला नेट कशावर घ्यावं? डोंगल, पॉकेट राउटर की फोनच?

ऑडिटवाली_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. मी पतसंस्था, दूध संस्थांची ऑडिट करते, महिन्यातले पंधरा दिवस तरी बाहेर असते, आजरा, चंदगड, शाहूवाडी, कधी आंबा घाट उतरून साखरपा-देवरुख. काम सगळं लॅपटॉपवर, पीडीएफ चढवायच्या, संध्याकाळी सरांबरोबर व्हिडिओ कॉल. आत्तापर्यंत फोनच्या हॉटस्पॉटवर भागवलं पण फोन जाम तापतो, दुपारी दोनलाच बॅटरी संपते आणि मधेच कुणाचा कॉल आला की नेट तुटतं. मागच्या महिन्यात शेवटच्या तारखेला फाईल अर्ध्यात अडकली, शेवटी संस्थेचे सेक्रेटरी मला गाडीवरून गावाबाहेरच्या माळावर घेऊन गेले तेव्हा कुठे अपलोड झाली. खूप टेन्शन आलं होतं. तीन हजारापर्यंत खर्च करायची तयारी आहे, काय घेऊ?

घाटवाट
ताई, मी हॉस्पिटलच्या मशिनींची सर्व्हिस करतो, माझाही असाच फिरतीचा धंदा. आधी कंपनी ठरवा, वस्तू नंतर. कोल्हापुरात कुठलं सिम पळतं त्याचा चंदगडला काही उपयोग नाही, गावागणिक फरक पडतो. ज्या गावांना वर्षातून चार वेळा जाता तिथं डेअरीत, शाळेतल्या गुरुजींना विचारा की तुमच्याकडे कुठलं कार्ड चालतं, ते बरोबर सांगतात. मग त्या कंपनीचं प्रीपेड सिम घेऊन एक महिन्याचाच रिचार्ज मारा आणि ट्रायचं (सरकारी दूरसंचार नियामकाचं) मायस्पीड ॲप टाकून जिथं प्रत्यक्ष बसता त्या टेबलावर स्पीड बघा, अंगणात नाही. दुपारी एकदा आणि रात्री आठला एकदा, कारण रात्री सगळं गाव मोबाईलवर असतं आणि सिग्नलच्या दांड्या फुल्ल दिसूनही नेट रांगतं. आणि अपलोडचा आकडा बघा, डाउनलोड बघून फसू नका, तुमचं काम चढवायचं आहे.

वस्तूचं म्हणाल तर मी पॉकेट राउटर घेईन, म्हणजे सिम टाकून वायफाय देणारी खिशात मावणारी डबी. डोंगल लॅपटॉपलाच चिकटून राहतं, म्हणजे तुम्ही आतल्या खोलीत कपाटांच्या मधे बसलात की तेही तिथंच. राउटर खिडकीत ठेवता येतो आणि तुम्ही आत बसायचं, जाड भिंतीच्या जुन्या इमारतीत एवढ्यानंच खूप फरक पडतो. फक्त कुठल्याही कंपनीचं सिम चालेल असा अनलॉक्ड घ्या, नाहीतर उद्या कंपनी बदलली की राउटर पडून.

लहरी_तरंग
वरच्या दादांशी सहमत, दोन गोष्टी जोडतो. राउटरच्या खोक्यावर बँड वाचा, म्हणजे तो कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, २३०० ची तेवढी जात नाही. म्हणून बँड ३ आणि ४० (२३००) बरोबर ५ (८५०) आणि ८ (९००) पण हवेत. बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० वर आहे, तर ते सिम टाकायचं असेल तर बँड २८ (७००) आणि १ (२१००) आहेत का बघूनच पैसे द्या.

दुसरं, तीन हजारात फोरजी राउटर येईल, फाइव्हजी नाही. कंपन्या अनलिमिटेड म्हणतात ना ते फाइव्हजीवर असतानाच. फोरजी राउटरमध्ये तेच सिम टाकलं की रोजचे दोन जीबी संपले की स्पीड ६४ केबीपीएस, त्यात मेलसुद्धा उघडत नाही. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी धरा आणि त्या हिशेबानं प्लॅन घ्या.

आणि कॉल आला की नेट तुटतं म्हणालात, फोनमध्ये दोन सिम आहेत का? डेटा एकावर आणि कॉल दुसऱ्यावर आला की बऱ्याच फोनमध्ये डेटा थांबतो.

नाना_सोलापूर
विंडोजमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन मीटर्ड कनेक्शन (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू करा आधी. माझा अख्खा दिवसाचा डेटा अपडेटनं सकाळी सकाळी खाल्ला होता, वनड्राइव्हचं सिंक पण बंद ठेवा बाहेर असताना.

ऑडिटवाली_कोल्हापूर
खूप खूप आभार सगळ्यांचे! हो, दोन सिम आहेत आणि क्लायंटचे कॉल दुसऱ्यावरच येतात, दोन वर्षं मी फोनलाच दोष देत होते. सोमवारी आजऱ्याला चाललेय, डेअरीत विचारते. राउटर येईपर्यंत काय करू पण? बुधवारी एक मोठी फाईल चढवायची आहे.

घाटवाट
तोवर हॉटस्पॉट नको, केबलनं फोन लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (केबलवरून नेट देणं) चालू करा. फोन चार्ज होत राहील, तापेलही कमी. कॉलचं सिम घरातल्या जुन्या फोनमध्ये टाका. आणि केबल लांब घ्या, दोन मीटरची, म्हणजे फोन खिडकीत ठेवता येईल.