प्लास्टिक शीटवर छापलेली चांदीची शाई कमी उष्णतेत पक्की कशी करावी?

संत्रावाला, वरूड
नमस्कार मंडळी. आमची संत्र्याची बाग आहे, जमीन भारी काळी. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) डिसेंबरात झाडं ताणावर सोडतो, म्हणजे पाणी बंद करतो. पुन्हा पाणी देऊन ताण कधी तोडायचा ते बाबा पानं पाहून ठरवतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, पण फूटभर खाली मुळाशी किती ओल उरली हे मला आकड्यात हवं आहे. म्हणून कंगव्याच्या दातांसारखे एकमेकांत शिरलेले दोन इलेक्ट्रोड (वीज वाहणाऱ्या रेषा) पीईटी शीटवर, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकवर, छापून ओलीचा सेन्सर करतोय.

जुन्या एप्सन प्रिंटरमध्ये चांदीच्या नॅनोकणांची शाई भरली. छपाई सुरेख उमटते, अडतं ते पुढे. बाटलीवर १३० अंश, अर्धा तास असं लिहिलंय. तेवढ्यावर शीट आकसून वाकडी होते. ७० अंशांवर शीट सपाट राहते, पण रेषा करडीच राहते, बोटाने पुसली जाते, आणि मल्टिमीटर मेगाओहम दाखवतो, म्हणजे वीज जवळजवळ वाहतच नाही. पॉलिइमाइड या दुसऱ्या प्लास्टिकची पिवळी शीट उष्णता सोसते, पण बागेत ओळीओळीने रोवायचं तर ती परवडत नाही.

चांदी वितळते ९६२ अंशांना. मग १३० वर नेमकं होतं तरी काय? आणि तेच ७० च्या आत घडवता येईल का?

छापखाना, नागपूर
दादा, इथे वितळायचा संबंध नाही. प्रत्येक कणावर सेंद्रिय पदार्थाचं पातळ आवरण असतं. ते नसतं तर बाटलीतच कण चिकटून गाळ बसला असता. छापल्यावर तेच आड येतं. उष्णतेने आवरण सुटलं की उघडे कण भिडतात आणि जोडले जातात. इतक्या बारीक कणांना त्यासाठी वितळणबिंदू गाठावा लागत नाही.

आवरण मिठानेही सुटतं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मगदासी यांच्या गटाने २०११ मध्ये शाईतच थोडं मीठ घातलं होतं. शाई सुकताना मीठ तीव्र होत गेलं, क्लोराइडने पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं आवरण हटवलं, आणि नुसत्या खोलीच्या तापमानाला घन चांदीच्या सुमारे ४१ टक्के वाहकता मिळाली.

तुमच्या शाईचं आवरण कोणतं ते आधी माहितीपत्रकात पाहा, सगळ्यांना मीठ लागू पडेलच असं नाही. मीठ बाटलीत घालू नका, प्रिंटरचं शाई सोडणारं हेड तुंबेल. छापून सुकल्यावर पातळ मीठपाणी फवारा, मग डिस्टिल्ड पाण्याने हलकेच धुऊन ७० अंशांवर सुकवा. मीठ जास्त झालं तर चांदीचं क्लोराइड होतं, आणि मागे राहिलं तर ओल धरतं.

पऱ्हाटी, यवतमाळ
भाऊ, शाई पक्की झाली तरी खरं काम पुढंच हाय. काळी माती सुकली का फाटते. सेन्सर भेगेत आला तर मातीऐवजी हवा मोजते अन् ताण हाय त्याहून जास्त दिसते. असा सेन्सर ओल ओळखते ते डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून, म्हणजे पदार्थ विजेचा भार किती साठवू देते त्याच्या मापावरून: पाण्याचा ८० च्या आसपास, सुक्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. म्हणून ताण द्यायच्या आधी, ओल असतानाच रोवा, अन् जिथं भेग पडली तिथला आकडा धरू नका.

चांदी उघडी ठेवू नका. ओलीत दोन रेषांमधी डीसी (एकाच दिशेचा वीजदाब) राहिला तर एका रेषेची चांदी सुटून दुसरीवर वाढत येते अन् शॉर्ट होते. कडांसकट इपॉक्सीचा थर द्या. मोजणी त्याच्यातूनही होते.

संत्रावाला, वरूड
दोघांचेही मनापासून आभार. पत्रकात पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लच निघालं. मीठपाणी फवारल्यावर करड्या रेषेवर डोळ्यांदेखत चांदीची चमक चढली, आणि त्याच रेषेवर मल्टिमीटर आता साध्या ओहमांत बोलतोय. शीट जशीच्या तशी सपाट. आता एकच अडचण: वायर जोडायला डाग दिला (सोल्डर केलं) की तेवढी रेषा गायब होते.

छापखाना, नागपूर
साधा कथील पातळ चांदी विरघळवून टाकतो, शिवाय शीटही वितळेल. तिथे डाग देऊच नका. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं चांदीचं इपॉक्सी मिळतं, त्याने वायर चिकटवा, आणि पऱ्हाटीभाऊ म्हणतात तो थर त्या जोडावरूनही न्या.